माथ्यावरची तीन अक्षरं

जे. एम. जे.

पोर्ट डेनिंग, दक्षिण ऑस्ट्रेलिया
मंगळवार, ९ एप्रिल २०२४

लिओनी,

मंगळवार, ६ जून २०२३, दुपारी चार वाजून सतरा मिनिटं. त्या वेळी माझा मेल तुझ्याकडे निघाला. ही वेळ मी आठवून लिहिलेली नाही. यंत्राने नोंदवलेली आहे आणि तो कागद छापून मी समोर ठेवला आहे. तुझ्या बाबांना सकाळी धक्क्यावर अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू आणि वाचा दोन्ही गेली, ताबडतोब ये, असं मी लिहिलं होतं. दुसरा मेल १० जूनला गेला, तिसरा १५ जूनला. १७ जूनला, शनिवारी सकाळी, बाबा गेले. तू आली नाहीस.

२५ जुलैला तुझा फोन आला. बाबांची बातमी तुला कुणा आतेबहिणीकडून कळली होती. तू म्हणालीस, मला एकही मेल आला नाही. मी म्हणाले, खोटं बोलू नकोस. मग फोन ठेवला गेला. मी ठेवला, हे मान्य. त्याला साडेआठ महिने झाले.

आज लिहायचं कारण असं. बाबांच्या निधनाची बातमी पेपरात आल्यापासून माझ्या मेलवर कचऱ्याचा पाऊस पडतोय. शवपेटीचा विमा काढा. गुडघ्यांसाठी समुद्री शेवाळाच्या गोळ्या घ्या. एका विधुर सेनापतीला माझ्याशी निर्मळ मैत्री करायची आहे. गेल्या गुरुवारी वाचनालयात म्हाताऱ्यांसाठी या कचऱ्याचा वर्ग होता, म्हणून गेले. शिकवायला मिसेस फान आहेत, वाचनालयाच्याच. बुटक्या बाई, आवाज मात्र रेल्वे स्टेशनवर शोभेल असा. अनोळखी मेलखालचं 'यादीतून नाव काढा' हे बटण दाबायचं नाही, दाबलं की त्या लोकांना पत्ता जिवंत असल्याचं कळतं, असं त्या म्हणाल्या. मी इतके महिने ते बटण मोठ्या निष्ठेने दाबत होते.

मग त्यांनी कचऱ्याचा कप्पा दाखवला. नको ते मेल आपोआप त्यात पडतात आणि तीस दिवसांनी कुणाला न विचारता नष्ट होतात. कुणाचं काय त्यात टाकायचं याचा नियम आपल्यालाही करता येतो. मी हात वर करून विचारलं, एखाद्या मुलीने आईलाच त्यात टाकायचं ठरवलं तर?

मागून क्लॅरी म्हणाला, "मग आई काहीतरी विकत असणार." क्लॅरी म्हणजे तोच, ज्याने मेलवर ओळख झालेल्या ओडेसाच्या एका विधवेला आपलं पेन्शन कार्ड दाखवलं. त्याचं मी मनावर घेतलं नाही. पण घरी येईपर्यंत मला सगळं कळलं होतं. तू खोटं बोलली नव्हतीस. माझे मेल तुला दिसले नाहीत, कारण तू मला कचऱ्यात टाकलं होतंस.

मी एकतीस वर्षं या गावचं पोस्ट सांभाळलं. इथल्या निम्म्या घरांच्या पत्रपेट्यांवर 'फालतू कागद टाकू नयेत' अशी पट्टी असते. दुकानाचं एकही पत्रक अशा पेटीत माझ्या हातून गेलं नाही. पण ज्या पाकिटावर नाव आणि पत्ता आहे ते त्या पेटीत जातंच. आत राहणाऱ्याला लिहिणारा आवडो की न आवडो. नाव घालून लिहिलेलं पत्र म्हणजे कचरा नव्हे, हे मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. तुझ्या पेटीवर कुठली पट्टी होती, की बापाच्या मरणाची बातमी तिच्याखाली अडली?

मेलवर माझा विश्वास उरलेला नाही. म्हणून हे तिकीट लावून, रजिस्टर्ड. उत्तर कागदावर दे.

फिलोमिना गेराटी

(तुझी आई. पेटीत पडताना गोंधळ नको.)

◆

जे. एम. जे.

पोर्ट डेनिंग
मंगळवार, २३ एप्रिल २०२४

लिओनी,

तुझं उत्तर शुक्रवारी मिळालं. चार वाक्यं. तिकिटावर तुझ्या ब्रूम गावच्या पोस्टाचा शिक्का, आणि अक्षर तुझ्या बाबांसारखं, मागे झुकलेलं. हे मी विसरले होते.

तू लिहितेस: "आई, मी तुला कधीच अडवलं नव्हतं. त्या तीन अक्षरांना अडवलं होतं. तू पाठवलेले मेल उघड आणि विषयाच्या ओळीत काय लिहिलंयस ते बघ. मी तुला नाताळात सांगितलं होतं."

उघडले. बघितलं.

६ जून: जे. एम. जे. बाबांची तब्येत.
१० जून: जे. एम. जे. बाबा.
१५ जून: जे. एम. जे. ये.

मी पहिलीत होते तेव्हा सिस्टर इग्नेशियांनी आम्हांला कोऱ्या पानाचा पहिला नियम शिकवला. माथ्यावर येशू, मरिया आणि योसेफ यांची इंग्रजी आद्याक्षरं आधी, मग बाकीचं. ती नसली तर त्या पान फाडून हातात द्यायच्या, उत्तरं बरोबर असली तरी. तेव्हापासून अडुसष्ट वर्षं झाली. किराण्याच्या यादीवर मी ती लिहिते. तुझ्या जन्माची बातमी आजीला कळवली त्या कागदावरही ती होती. मेलला कोरं पान नसतं, विषयाची ओळ असते, म्हणून तिथे लिहिते. आमच्या कॉन्व्हेंटच्या मंडळातल्या एकूणएक बायका तसंच करतात. तू म्हणशील, म्हणूनच. मंडळाच्या प्रार्थना एक्केचाळीस जणींकडून फिरून यायच्या, आज हिच्या नावाने, उद्या तिच्या. माणसं अडवून तू दमली असतीस. सगळ्यांच्या माथ्यावर सारखं काय होतं, तर हीच अक्षरं. नियम करणाऱ्याने बरोबर तोच धागा धरला. पोस्टातली बाई म्हणून मला तो नियम हुशारीचा वाटतो. आई म्हणून काय वाटतं ते लिहीत नाही.

पण नाताळात सांगितल्याचं मला आठवत नाही. तू आली होतीस, उकाडा होता, बाबांनी समुद्रातल्या आपल्या शेतीच्या नव्या टोपल्यांतली कालवं काढली होती आणि तू एकटीने दोन डझन खाल्लीस, एवढं आठवतं. जाताना म्हणालीस, काही दिवस फोन करू नकोस, लिहीत जा, मी वाचेन. अक्षरांबद्दल काही बोलली असशील तर माझ्या कानावर आलं नसेल. तू पुटपुटतेस, लहानपणापासून.

आणि समज, सांगितलं होतंस. एखादी मुलगी असा नियम करतेच कशी? देवाच्या घरच्या तिघांना विम्याच्या जाहिरातींशेजारी बसवलंस. महिन्यातून एकदा तो कप्पा उघडून बघितला असतास तर? फेकण्याआधी एकदा नजर टाकावी, असं मिसेस फानही सांगतात. तुला शिकवायला कुणी नव्हतं की तुला बघायचंच नव्हतं?

असा नियम करण्याइतकं त्या प्रार्थनांत काय वाईट होतं, ते कागदावर लिहून कळव.

आई

◆

जे. एम. जे.

पोर्ट डेनिंग
शुक्रवार, ३ मे २०२४

लिओनी,

तुझं उत्तर आलं नाही. ते मला काल दुसरीकडून मिळालं.

काल वर्गात मिसेस फान म्हणाल्या, कचरा आपोआप येत नाही, कुणीतरी तुमचा पत्ता रस्त्यावर टाकलेला असतो, आणि बहुतेक वेळा तो घरच्याच माणसाने. मग त्यांनी प्रत्येकाला आपण पुढे पाठवलेला एखादा जुना मेल उघडायला सांगितला. मी मुद्दाम मागचा काढला, ऑगस्ट २०२२ चा. आपली प्रार्थनांची साखळी कशी पद्धतशीर चालते ते बाईंना दाखवावं म्हणून.

त्या माझ्या खांद्याशी येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मिसेस गेराटी, वरचे हे पत्ते कोण वाचू शकतं?"

मी म्हणाले, ज्याच्या हाती मेल पडेल तो.

"आणि किती हातांत पडलाय?"

आम्ही दोघी मोजायला लागलो. माझ्या पत्त्यांच्या ओळीत एक्केचाळीस. व्हेरोनिका प्लंकेटने पुढे पाठवला तो सव्वीस जणींना. त्यांपैकी एकीने तिच्या चर्चच्या साऱ्या पॅरिशला. मिसेस फान हळू म्हणाल्या, पत्ते लपवायची वेगळी ओळ असते, तिच्यात घातले तर एकीला दुसरीचा दिसत नाही. त्यांनी ती ओळ दाखवली. वर्षानुवर्षं तिथेच होती, मी कधी उघडली नव्हती.

यादीत पहिला पत्ता तुझा होता. तुझ्या दवाखान्यातला, कामाचा. तुझ्यासाठी कोण कोण प्रार्थना करतंय ते तुला दिसावं, म्हणून मी तुलाही घातलं होतं.

मग बाईंनी नकळत खालचा मजकूर वाचला. मी त्यांचा चेहरा बघितला. त्यांनी स्क्रीन दुसऱ्यांना दिसू नये म्हणून जराशी वळवली आणि पुढच्या बाकाकडे गेल्या. एका परक्या बाईला जे दोन मिनिटांत सुचलं ते मला दोन वर्षांत सुचलं नाही.

मी लिहिलं होतं: माझ्या लिओनीचं दुसरं बाळही सहाव्या महिन्यात पोटातच गेलं आणि आता नवरा सोडून गेला आहे. ती स्वतः प्रसूतीच्या वॉर्डात काम करते, रोज दुसऱ्यांची मुलं हातात घेते. तिच्यासाठी नऊ दिवस प्रार्थना करा आणि हा निरोप पुढे पाठवा.

तुझं पूर्ण नाव. गाव. काम.

तू त्या वेळी फोनवर म्हणाली होतीस की तुझ्याबरोबरच्या एका नर्सला हे तिच्या मावशीकडून मिळालं आणि तिने वॉर्डात तुला मिठी मारली. मी म्हणाले होते, बघ, किती चांगली मुलगी. तू फोनवर बराच वेळ गप्प होतीस. तुला भरून आलंय असं मला वाटलं.

तुझे बाबा तेव्हा म्हणाले होते, "देवाला ऐकू कमी येत नाही, फिल. चाळीस जणींकडून निरोप कशाला?" मी त्यांना म्हणाले, तुम्ही कालवं बघा.

घरी येऊन व्हेरोनिकाला फोन केला. म्हटलं, ती प्रार्थना थांबव आणि पत्ते सगळ्या याद्यांतून काढ. ती म्हणाली, "आता कुठे थांबवणार, फिलोमिना? तुझ्या लिओनीचं नाव तर फिलिपिन्सला पोहोचलं. तिकडच्या एका सिस्टर रोज मेणबत्ती लावतात." तिला ते चांगलं वाटत होतं. मलाही दोन वर्षांपूर्वी वाटलं असतं. पत्र चुकून भलतीकडे गेलं तर परत मागवायचा अर्ज असतो, मी शेकड्यांनी भरलेत. याला अर्ज नाही.

मंडळातून माझं नाव काढून टाकायला सांगितलं आहे. त्याने तुला काहीच मिळत नाही, हे मला कळतं.

आई

◆

पोर्ट डेनिंग
मंगळवार, १४ मे २०२४

लिओनी,

या कागदाच्या माथ्यावर काही लिहिलेलं नाही. दोनदा हात गेला, दोनदा मागे घेतला. सिस्टर इग्नेशिया वर काय ते बघून घेतील.

२३ एप्रिलच्या पत्रात मी लिहिलं की नाताळात सांगितल्याचं मला आठवत नाही. ते खोटं आहे. तू स्वयंपाकघराच्या टेबलाशी उभी होतीस, हातात लिंबाची फोड होती. तू म्हणालीस, "आई, तू स्वतः मला लिहिशील तेव्हा ती अक्षरं घालू नकोस. बाकीच्यांचं मला वाचायचं नाही, पण तुझं वाचायचंय." तू अजिबात पुटपुटत नव्हतीस. मी म्हणाले, देवाला दाराबाहेर ठेवून मी पत्र लिहीत नाही. बाबा मध्ये पडले आणि कालवांचं काढलं.

तू गेल्यावर त्यांनी टोपल्यांवर खुणा करायच्या त्या जाड पेन्सिलीने चिठ्ठी लिहिली आणि कॉम्प्युटरच्या कडेला चिकटवली. "फिल, लिओनीला लिहिताना ती तीन अक्षरं नकोत. बाकी काहीही लिही. डे." जानेवारीत मी तुला चार मेल केले, चिठ्ठीप्रमाणे. पिअर्सच्या कुत्र्याने चर्चमध्ये येऊन काय केलं, पाणी किती तापलंय, असंच काहीतरी. तू चारही वेळा उत्तर दिलंस. म्हणजे नियम बरोबर चालत होता. मी नीट लिहिलं की तुला मिळत होतं.

उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी कपाळावर राख लावून मी चर्चमधून आले आणि ती चिठ्ठी दिसली. मला वाटलं, आयुष्यभर माथ्यावर ठेवलं ते माझ्याच घरात लपवायला सांगतायत. मी ती काढून प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवली. बाबांनी रिकामी जागा बघितली. जेवताना म्हणाले, "डिंक चांगला नव्हता वाटतं." त्यानंतर मी तुला लिहिलंच नाही. जूनपर्यंत.

६ जूनला मी दवाखान्यातून घरी आले ती तुला कळवायलाच. कॉम्प्युटरपुढे बसले. चिठ्ठी होती तिथे डिंकाचा चौकोनी डाग होता. मी तो बघितला. मला आठवलं, लिओनी. आणि तरी माझ्या बोटांनी आधी ती अक्षरं टाकली. हट्टाने टाकली का, हे मी फादरांनाही विचारलं. ते म्हणाले, घाबरलेला माणूस सवयीचं करतो. माझ्याबद्दल त्यांचं मत नेहमीच बरं असतं. मला एवढंच सांगता येतं की त्या दुपारी मला देव हवा होता आणि तूही हवी होतीस, आणि एकाला हाक मारताना दुसऱ्याला सोडायची माझी तयारी नव्हती.

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. ती मी पहिल्या पत्रात लिहिली नाही, दुसऱ्यात नाही, तिसऱ्यातही नाही.

घरी फोन भिंतीवर होता. तुझा नंबर मला पाठ आहे. अकरा दिवस मी तो फिरवला नाही.

तू म्हणाली होतीस फोन करू नकोस, म्हणून नाही. पहिल्या मेलला उत्तर आलं नाही तेव्हा मला राग आला. दुसऱ्यालाही आलं नाही तेव्हा मी म्हटलं, हिने बापापेक्षा भांडण मोठं केलं, आता हिच्या पाया पडणार नाही. शेजारच्या पिअर्सबाई रोज विचारायच्या, लिओनीला कळवलंस का? मी म्हणायचे, कळवलंय. ते खरं होतं म्हणून मला ते ताठ मानेने म्हणता यायचं.

दवाखान्यात बाबा दाराकडे बघत पडलेले असत. डावा हात चालत होता. ते मूठ कानाशी न्यायचे, फोन धरल्यासारखी, आणि माझ्याकडे बघायचे. पुन्हा न्यायचे. मी म्हणायचे, "कळवलंय तिला, डेस. येईल." तिसऱ्या चौथ्या दिवशी ते नर्सलाही तशीच मूठ करून दाखवायला लागले. तिने मला विचारलं, काय म्हणतायत? मी म्हणाले, कानात दुखतंय. तिने कानात थेंब घातले. ते डोळे मिटून पडून राहिले.

चौदा तारखेनंतर त्यांनी मूठ केली नाही.

आता कळलं तुला. तुझ्या नियमामुळे तुझी बाबांशी भेट चुकली नाही. त्या नियमात तू माझ्यासाठी दार उघडं ठेवलं होतंस, आणि शेजारी हा फोनही होता. अकरा दिवस मी दोन्हींपाशी उभी होते. तू खोटं बोलत नव्हतीस. खोटं मी बोलले, तुझ्याशी, नर्सशी आणि त्यांच्याशी.

सोबत ते तीन मेल छापून पाठवत आहे. विषयाच्या ओळी कात्रीने कापल्या आहेत, बाकी जसेच्या तसे. दुसऱ्यात बाबांनी डाव्या हाताने जेली खाल्ल्याचं लिहिलं आहे. ते तुला वाचायला मिळायला हवं होतं. त्यांची चिठ्ठीही आहे. ती तुझ्यासाठी होती, माझ्यापेक्षा.

आता कामाचं. १७ जूनला वर्ष होईल. कबरीवरची माती बसली आहे आणि त्याआधी दगड बसवायचा आहे. दगड कोरणारा थॉर्ली मजकूर मागतोय. मी लिहून दिलं आहे: डेसमंड गेराटी, कालवांचा शेतकरी, फिलोमिनाचे पती. त्याच्याखाली त्याने एक ओळ मोकळी ठेवली आहे आणि विचारतोय, मुलगी होती ना, तिचं नाव? पूर्ण नाव काय लावतात त्या?

मी त्याला म्हणाले, मुलीला विचारल्याशिवाय तिचं नाव मी कुठेही देणार नाही. तो हसला. म्हणाला, "बाई, दगडच आहे, पेपरात थोडंच छापायचंय?" त्याला माझं वागणं समजावून सांगत बसले नाही.

म्हणून तुला विचारते, आणि हे मी आधी एकदाही केलं नव्हतं. तुझं नाव त्यांच्या नावाखाली घालू का? घालायचं तर नुसतं लिओनी, की लिओनी गेराटी, की अजून नवऱ्याचं व्हॉस लावतेस? नको म्हणालीस तर नको. मी कारण विचारणार नाही आणि कुणाला प्रार्थना करायलाही सांगणार नाही. यायचं असलं तर सतरा जूनला सकाळी दहाला कबरीपाशी त्यांच्या वर्षाचा विधी आहे. त्याचं उत्तर देण्याची सक्ती नाही.

नावाचं मात्र उत्तर हवं, आणि लेखी हवं. एक शब्द पुरेल. थॉर्ली पहिल्या जूनला छिन्नी लावतो आणि एकदा दगड कोरून बसवला की मागाहून नाव घालता येत नाही म्हणतो. मी शुक्रवार, ३१ मे २०२४ रोजी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत, खिडकी बंद होईस्तोवर, पोस्टातच बसून राहीन. तोपर्यंत तुझं उत्तर माझ्या हातात पडावं.

आई